खालच्या आवाजातले पास्टर

त्यांच्या प्रार्थनेत लोक झोपायचे. एखाददुसरा नाही, निम्मे. रविवारी सकाळी रामनगरच्या भातगिरणीमागच्या खोलीत सतरंजीवर थोडीफार माणसं जमायची. पास्टर बोलायला लागले की थोड्याच वेळात कुणाची मान छातीवर यायची, कुणाचं डोकं भिंतीला टेकायचं. जंगलात बांबू तोडून, नाहीतर आठवडाभर दुसऱ्याच्या भातशेतात वाकून आलेली माणसं ती. गिरणी बंद, वर पंखा फिरतोय आणि कुणी ओरडत नाहीये, म्हटल्यावर झोप येणारच. दुसरा कुणी असता तर त्यानं आवाज चढवला असता. हे उलट आवाज खाली आणायचे. फारच जण झोपले तर पुटपुटल्यासारखं बोलून उरकून टाकायचे आणि जागं असलेल्यांना हातानं खूण करायचे, हळू उठा म्हणून.

"एवढी एकच जागा हाय त्येंना, जिथं कुणी काम सांगत न्हाई," असं ते एकदा मला म्हणाले. "हितं पण सांगू का?"

ते ऐकून मला राग आला होता. कारण हेच पास्टर पूर्वी झोपणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. मी स्वतः तशी उभी राहिलेली आहे, लग्नाआधी, भर सभेत, डोळे चोळत.

तेव्हा ते मोठ्या मंडळात होते. लोंढ्याच्या रस्त्याला पत्र्याचा एक लांबलचक हॉल होता, त्याला सगळे मोठं मंडळच म्हणायचे. मंडळाचे मुख्य पाळक बेळगावला राहायचे आणि कधीतरी गाडीतून यायचे. रोजचं सगळं आमच्या पास्टरांकडं. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती, खानापूरकडून इकडं आलेलं. पण तोवर आमच्याकडं देव नाताळला, लग्नाला आणि मयताला लागायचा. मोठं मंडळ आलं आणि देव रोज घरी यायला लागला, तपासणीला आल्यासारखा. बायकांनी फुलं माळायची नाहीत. शेजाऱ्यांकडचा प्रसाद घ्यायचा नाही, कुणी हातावर ठेवलाच तर नाल्यात टाकायचा. उपास धरायचे. आजारपण आलं तर आधी स्वतःला विचारायचं, मी कुठं चुकले.

हॉलमध्ये पुढं खुर्च्या असायच्या आणि मागं चटया. जो उपास धरतो, देवानं आपलं काय भलं केलं त्याची सगळ्यांसमोर साक्ष देतो, नवीन माणूस घेऊन येतो, त्याला खुर्ची. चुकला की परत चटईवर. तोंडानं कुणी काही सांगायचं नाही. पास्टर नुसते बघायचे आणि तो माणूस आपणहून उठून मागं जायचा. माझा धाकटा भाऊ कमवायला लागल्यापासून पहिल्या रांगेत होता. टेम्पो चालवायचा, पण रविवारी कितीही चांगलं भाडं आलं तरी घ्यायचा नाही. आई चटईवर बसायची आणि पहिल्या रांगेतल्या त्याच्या पाठीकडं बघत राहायची. तिला त्याचा अभिमान होता, आणि थोडी त्याची भीतीपण वाटायची.

पास्टरांचा आवाज मोठा होता. माईक बंद पडला तरी रस्त्यापलीकडं ऐकू जायचं. नरकाचं बोलायला लागले की उदाहरणं आमच्याच गावातली. वीटभट्टीपाशी जाऊन हात पुढं कर, किती वेळ धरवतो बघ, असं म्हणायचे. लहान पोरं भट्टीच्या वाटेनं शाळेत जायला घाबरायची. माणूस दिसायला किरकोळ, गळ्याशी बटण लावलेला पांढरा शर्ट, पायात रबरी चप्पल. लग्न केलेलं नव्हतं. स्वतःही उपाशी राहायचे, इतरांपेक्षा जास्तच. ते ढोंगी नव्हते, एवढं मी तेव्हाही मान्य केलं असतं. जे दुसऱ्याला पाजायचे ते आधी स्वतः प्यायचे.

आईला शुगर होती. गोळ्या चालू होत्या. एका उपासाच्या आठवड्यात पास्टर बोलता बोलता म्हणाले, ज्याचा भरवसा गोळीवर त्याचा भरवसा देवावर नाही. आईचं नाव घेतलं नव्हतं. पण आईनं घरी येऊन गोळ्या बंद केल्या. मी तेव्हा बाजारात शिलाईचं दुकान चालवत होते, मिस्टर गोव्याला कामाला, आई भावाकडं. मला कळलं तेव्हा तिच्या पायाची जखम काळी पडली होती. मी भांडून तिला माझ्या घरी आणलं, दवाखान्यात नेलं, गोळ्या परत सुरू केल्या. ती सुरुवातीला घेत नव्हती. मग एक दिवस तिनंच मागितल्या. पण तोवर उशीर झाला होता, विष अंगात भिनलं होतं.

शेवटी शेवटी तिनं पास्टरांना बोलवायला सांगितलं. ते दुपारी आले, कॉटशेजारी स्टुलावर बसले. मी दारात उभी होते.

"पास्टर, मी गोळ्या खाल्ल्या," आई म्हणाली. "पोरीनं बळंच दिल्या असं न्हाई. मीच मागून घेतल्या. पाय लई ठणकत हुता. आता मला आत घेतील का?"

मला वाटलं, आता हा माणूस तो आवाज काढणार, आणि काढला तर मी त्याला हाताला धरून बाहेर घालवणार.

"घेतील, अव्वा," ते म्हणाले. "गोळीचं काय न्हाई त्यात. देवानं तुला आधीच घेतलंय. तू काय करायचं ऱ्हायलेलं न्हाई."

आई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "पण तुम्हीच सांगितलं हुतं की."

"चुकीचं सांगितलं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही," आई म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिचा हात धरून सांगितलं. रडले. तिनं ऐकलं नाही. इतकी वर्षं त्यांनी जे तिच्या मनात घट्ट बसवलं होतं, ते त्यांच्याच हातानं निघेना. आई त्यानंतर दोन दिवस होती. कुणाला काही विचारलं नाही, पाणी द्यायला गेलं की दचकायची. घाबरलेलीच गेली.

पुरायच्या वेळी भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आईचा विश्वास अक्कानं मोडला." त्यानंतर तो माझ्या घराच्या पायरीवर चढला नाही.

पास्टर पुढच्या आठवड्यात बेळगावला गेले, मुख्य पाळकांकडं. तिथं काय झालं ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. "मी म्हणालो, आता माझ्यानं हे व्हायचं न्हाई. तर ते म्हणाले, भीती काढून घेतली तर लोक कशाला येतील? मी म्हणालो, ते मला पण म्हाईत न्हाई." परत आले आणि मंडळाच्या खोलीतून ट्रंक घेऊन बाहेर पडले. गिरणीच्या मालकानं मागची खोली दिली. त्या बदल्यात ते गिरणीत बसून कोंडा विकायचे, कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना. गावात बोलायचे, पास्टर पडला, विश्वासातून पडला. कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय.

तसं वाटावं असं ते वागायचेही. आपल्याला पास्टर म्हणू नका, नावानं हाक मारा, असं सगळ्यांना सांगायचे. कुणाला ते जमलं नाही. मग कंटाळा आला की तिनईघाटच्या स्टेशनवर जाऊन पॅसेंजर पकडायचे आणि कॅसलरॉकला उतरायचे. वडील तिथं रेल्वेत गँगमन होते, यांचं लहानपण तिथल्या चाळीत गेलेलं. फलाटावरच्या बाकावर बसायचे, चहा प्यायचे, परतीच्या गाडीनं यायचे. काय करता तिथं, म्हणून विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई. तिथं मला कुणी काय विचारत न्हाई."

मोठ्या मंडळात प्रार्थना झाल्यावर जेवण असायचं, तेही उपास नसलेल्या दिवशी. यांनी उलटं केलं. आधी जेवण, मग प्रार्थना. भात आणि कसलंतरी कालवण, स्वतः चुलीवर केलेलं, बहुतेक वेळा खारट. लोक पोटभर जेवून बसायचे, मग झोप येणार नाही तर काय. एकदा समोरचा किराणावाला उळवीच्या जत्रेहून आला आणि सगळ्या दुकानांत प्रसाद वाटत गिरणीत शिरला. रविवार होता, सभेची माणसं बसलेली. सगळ्यांनी हात मागं घेतले. पास्टरांनी ओंजळ पुढं केली, तिथंच खाल्लं आणि बोटं चाटली. "गूळ-खोबरं हाय," ते सभेला म्हणाले. "शेजाऱ्यानं एवढ्या लांबनं आणलंय. घ्यायचं असंल तर घ्या, नसंल घ्यायचं तर ऱ्हावू द्या." त्या दिवसानंतर दोन घरं यायची बंद झाली.

लोक येत, त्यापेक्षा जास्त जात. हे मला कळायला वेळ लागला. मला वाटायचं, धाक काढल्यावर माणसं धावत येतील. तसं झालं नाही. जगलबेटकडचा एक माणूस यायचा, जंगलखात्यात रोजंदारीवर होता. त्याची म्हैस मेली, पाठोपाठ बायको आजारी. तो येऊन म्हणाला, पास्टर, माझं काय चुकलं ते सांगा, आणि किती उपास धरू ते सांगा.

"तुझं काय चुकलं न्हाई. म्हस मेली, कारण म्हशी मरतात. उपास नको धरू, बायकोला कोण बघंल?"

"मग मी करू काय?"

"तिला दवाखान्यात ने. मी येतो संगं. आणि तिथं बसून बोलू की देवाशी, आपल्याला वाईट वाटतंय म्हणून."

त्या माणसाचं समाधान झालं नाही. बायकोला त्यानं नेलं, ती बरीही झाली, पण तो पुढच्या रविवारपासून मोठ्या मंडळात जायला लागला. मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "तिथं काय करायचं ते तरी सांगतात, अक्का. हितं हातात काय मिळतच न्हाई."

मी ते पास्टरांना सांगितलं. ते कोंडा भरत होते. "त्येचं बरोबर हाय," म्हणाले. "भीती असली की धरायला कायतरी असतंय. मोकळ्या हाताचं करायचं काय, ते कळत न्हाई माणसाला. मला पण कुठं कळतंय."

आता मी त्यांच्याकडं कशी जायला लागले ते सांगायला पाहिजे. मी गेले नाही, तेच आले. आई जाऊन वर्ष होत आलं असेल. शर्टाचं बटण लावून घ्यायला दुकानात आले. मी बटण लावलं, पैसे घेतले, तोंड उघडलं नाही. काही दिवसांनी उसवलेली पिशवी घेऊन आले. मग कॉलर. प्रत्येक वेळी स्टुलावर बसायचे, गप्प. शेवटी मीच म्हणाले, "माफी मागायला आला असाल तर मागून टाका एकदाची."

"त्येच्यासाठी न्हाई आलो," ते म्हणाले. "मी मागितली की तुला द्यायला लागंल. न्हाई दिलीस तर तुलाच खात बसंल. परत मी तुझ्या डोक्यावर कायतरी ठेवल्यासारखं हुतंय. तू नको देऊ. मी नुसता येत जाईन. चालतंय का?"

मशीन चालू होतं, मी पाय थांबवला. "या," एवढंच म्हणाले. नंतर कितीतरी वर्षं ते येत राहिले. मी माफ केलं की नाही हा विषय आमच्यात परत निघाला नाही. मी रविवारी गिरणीमागं जायला लागले, कधी कधी. मलाही तिथं चांगली झोप यायची.

मग ते माझ्या भाचीचं झालं. भावाची मुलगी, तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. एका दुपारी वहिनी मागच्या दारानं दुकानात आली, डोक्यावर पदर, चप्पल नाही. पोरीला ताप होता, आठवडा होऊन गेला होता. भाऊ दार लावून उपास धरून बसला होता, दवाखान्याचं नाव काढू देत नव्हता. "अक्का, ती आता पाणी पण मागत न्हाई," वहिनी म्हणाली. मी तशीच पळत गेले. भावानं मला उंबऱ्याबाहेर थांबवलं. "तू नको," म्हणाला. "आईला केलंस तेवढं पुरे."

मी तिथून गिरणीत गेले. पास्टर उठून माझ्याबरोबर निघाले. वाटेत मी त्यांना सांगितलं, "समजावू नका. समजावून तो ऐकायचा नाही. आधी बोलायचात तसं बोला. त्याला घाबरवा."

ते रस्त्यात थांबले. "ते मी सोडलंय."

"माहीत आहे. आज बोला."

"तू मला हे सांगतीयास," ते म्हणाले. "तू."

"हो, मी."

ते परत चालायला लागले. भावाच्या दारात गेल्यावर आधी त्यांनी हळूच हाक मारली. खालच्या आवाजात सांगत राहिले, की तू तिचा बाप हाईस, देवानं तुझ्याच हातात दिलीय ती, उचल आणि चल. भाऊ खिडकीतून म्हणाला, "तुमचा विश्वास गेला. माझा घालवायला येऊ नका." आतून पोरीचं कण्हणं येत होतं, तेही थांबलं. पास्टरांनी माझ्याकडं बघितलं. तसा चेहरा मी कुणाचा बघितलेला नाही. मग त्यांनी दारावर हात मारला आणि तो आवाज काढला.

"उठ. हे लेकरू तुझ्या दारात मेलं तर देव तुला सोडायचा न्हाई. तुझा उपास त्येला नको. तुझी खुर्ची त्येला नको. भट्टीत उभा करंल तुला, आणि मी तिथं साक्षीला असंन. दार उघड."

गल्लीतली माणसं बाहेर आली. दार उघडलं. भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं पोरीला उचललं, टेम्पोत घातलं, वहिनी आणि मी मागं चढलो आणि थेट बेळगाव. ताप आतड्यात उतरला होता. ऑपरेशन झालं. पोरगी वाचली.

पास्टर टेम्पोत बसले नव्हते. शेजारणीनं नंतर सांगितलं, बराच वेळ ते त्या पायरीवरच बसून होते. आम्ही परत आल्यावर मी गिरणीत गेले. मला वाटलं होतं ते खूश असतील.

"पोरगी बरी हाय न्हवं? मग झालं," ते म्हणाले. कोंड्याच्या पोत्यावर बसले होते, दाढी वाढलेली. मग म्हणाले, "तो आवाज माझ्यात जसाच्या तसा हाय. मला वाटलं हुतं, गेला."

"त्यानं पोरगी वाचली."

"व्हय. आणि तुझा भाऊ जिथं हुता तिथंच हाय. आधी मंडळाला भीत हुता, आता मला भितोय."

झालंही तसंच. पोरगी हिंडायला लागल्यावर एका रविवारी भाऊ गिरणीमागं आला. इस्त्रीचा शर्ट, अंघोळ करून, उपाशी. टेम्पोत नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या, आमच्या सभेसाठी. त्यानं त्या एकेक करून खोलीत मांडल्या, सगळ्यात पुढच्या खुर्चीवर ताठ बसला आणि म्हणाला, "पास्टर, तुमचा शब्द खरा ठरला. मंडळ सोडलं मी. आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

मी मनात म्हटलं, आता गप्प बसा. ऐकतोय तर ऐकू दे. पोरीला तरी औषध मिळेल, भाऊ माझ्या घरी येईल कदाचित. पास्टर उभे होते ते भावाच्या समोर खाली सतरंजीवर बसले.

"त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं," ते म्हणाले.

भावाला कळलं नाही. "काय खोटं?"

"देव तुला भट्टीत घालणार न्हवता."

"पोरगी गेली असती तरी?"

"तरी न्हाई. तुझ्याजवळ बसून रडला असता."

भाऊ त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हे आधी सांगितलं असतं तर मी तिला नेलं नसतं."

"म्हणूनच खोटं बोललो. दुसरं मला सुचलं न्हाई. पण आता ती बरी हाय. आता तू ते खोटं घरी घिऊन जाऊ नको."

भाऊ उठला. रागावला असं नाही म्हणता येणार, ज्याच्याखालचं काहीतरी काढून घेतलंय असा दिसत होता. खुर्च्या तिथंच टाकून गेला. पास्टरांनी नंतर त्या एकावर एक रचून गिरणीवाल्याला दिल्या.

मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, थोडे दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं. ते म्हणाले, "थोडे दिवस म्हणत म्हणतच माझी सगळी वर्षं गेली." त्यांना वाद घालायचीही ताकद राहिली नव्हती. त्या प्रकरणानंतर ते थकले ते थकलेच.

भाऊ मोठ्या मंडळात परत गेला नाही. आमच्याकडंही आला नाही. वहिनी सांगायची, रविवारी सकाळी टेम्पो धुतात, मग पायरीवर बसून राहतात, काय करावं सुचत नाही. पोरगी शेजारी जाऊन बसते. सुरुवातीला तिला उठवायचे, आता उठवत नाहीत. एकदा तिला केसात अबोली माळून शाळेत जाताना मी बघितलं. कुणी माळली असेल ते मी विचारलं नाही.

पास्टरांना दम लागायला लागला. जिना नको, चढ नको, मग बोलणंही नको. रविवारी आम्ही पाच-सहा जण उरलो होतो. ते भात वाढायचे, आम्ही जेवायचो, आणि कधी कधी नुसतंच बसून उठायचो. शेवटी पुतण्या आला आणि त्यांना खानापूरच्या पुढं आपल्या गावी घेऊन गेला. मी एकदा भेटायला गेले. उशा लावून बसवलं होतं. खिडकीतून उसाचं शेत दिसत होतं.

मी विचारलं, "भीती वाटते का?"

"वाटतीया," ते म्हणाले. श्वास घेत घेत बोलायचे. "सवय हाय ती. एवढी वर्षं दुसऱ्याला शिकवली, मला आलीच की. आधी वाटायचं, भीती गेल्यावर मग आपण नीट झालो. आता जायची न्हाई ती. पण असली तरी चालतंय, एवढं कळलंय."

थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाले, "तुझी अव्वा घाबरली हुती. मला लई दिवस वाटायचं, घाबरून गेली म्हंजे वाईट झालं. पण घाबरलेल्याला पण घेतात, पोरी. त्यात काय अडत न्हाई."

मी पांघरूण नीट केलं आणि स्टँडवर येऊन बस पकडली. वाटभर मला रडू आलं नाही. नुसतं अंग दुखत होतं, तापातून उठल्यासारखं.

ते गेल्याचा फोन पुतण्यानं केला तेव्हा मी वहिनीला कळवलं, बाकी कुणाला सांगावं असं नव्हतंच. मोठ्या मंडळातून कुणी येणार नव्हतं. मी बसनं निघायच्या तयारीत होते तर दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. भाऊ होता, खाली उतरला नाही. मी शेजारी बसले. खानापूर ओलांडून आम्ही पुतण्याच्या गावी पोचलो.

तिथल्या गावच्या पाळकांना पास्टर माहीत नव्हते. त्यांनी शवपेटीपाशी उभं राहून नेहमीचं सांगितलं, तयारीत राहा, वेळ कुणाला सांगून येत नाही, दार बंद व्हायच्या आधी या. भाऊ जमिनीकडं बघत होता. माती ढकलायला माणसं कमी होती, त्यानं फावडं घेतलं आणि शेवटपर्यंत तोच ढकलत राहिला. कुणी हात पुढं केला तर देत नव्हता.

येताना रेल्वेचं फाटक बंद होतं. त्यानं इंजिन बंद केलं. मालगाडी येत होती, लांबलचक, घाट चढून आलेली, तिला मागूनही इंजिनं लावलेली. डबे संपेनात.

"'मी तुला खोटं बोललो' असं आपणहून मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं न्हाई," भाऊ म्हणाला. समोर बघूनच बोलत होता. "मंडळात न्हाई. कुणीच न्हाई. मला लई राग आला हुता त्येंचा. पण त्यानंतर दुसऱ्या कुणाचं खरं वाटंना."

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटकवाला चाक फिरवायला लागला, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. भावानं किल्ली फिरवली, गिअर टाकला, आणि रूळ ओलांडता ओलांडता म्हणाला,

"आईला गोळ्या दिल्यास, ते बरं केलंस."

माझं घर आल्यावर तो टेम्पोतून उतरला. बाहेरच्या नळावर पाय धुतले, कबरीची माती होती, आणि आत येऊन बसला.